मालकीचं रान : शिमग्यातला संगमेश्वर तालुका

बुधवार, धुळवड : आंबा घाट, साखरपा, देवरूख

कोल्हापूरकडून आंबा घाट उतरताना उत्तरेच्या कड्यांपलीकडे चांदोली आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथलं रान सरकारचं. त्याला वनरक्षक आहेत, नाके आहेत. घाट संपवून साखरप्याकडे वळलं की झाडी तशीच पुढे चालू राहते, पण मालक बदलतो. इथून समुद्रापर्यंत जे हिरवं दिसतं ते जवळजवळ सगळं कोणाच्या तरी सातबारावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यात जमीन अगदीच थोडी, तरीही भारतीय वन सर्वेक्षणाच्या नकाशात जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग झाडीखाली दिसतो. त्यात आंबा-काजूच्या बागाही धरलेल्या असतात. त्या वजा केल्या तरी उरणारं रान थोडं नाही, आणि ते राहायचं की जायचं हे घराच्या ओटीवर ठरतं.

घाटात समोरून लाकडाचे ट्रक वर चढत होते. सणाचा दिवस, तरी थांबलेले नव्हते. हे जळाऊ लाकूड घाटावरच्या वीटभट्ट्यांना आणि बॉयलरना जातं. एका ट्रकवर ऐनाची मगरीच्या पाठीसारखी खरबरीत साल लांबूनच ओळखू आली. त्याखाली बारीक, मनगटाएवढ्या फांद्याही रचलेल्या होत्या. मोठ्या झाडांबरोबर ही कोवळी पोरंही निघाली, म्हणजे तिथे उभं काही ठेवलेलं नसणार.

आमचा गट खाजगी रानमालकांशी रान राखण्याचे करार करतो. त्यासाठी आम्ही शिमग्यात आलो त्याला कारण आहे. कोकणातली रानाची जमीन बहुतेक सामायिक असते. सातबारावर पणजोबांची चार मुलं, त्यांचे वारस, त्यांचेही वारस, अशी नावांची रांग लागलेली असते. त्यातले निम्मे मुंबई-ठाण्यात, काही पुण्यात, एखादा आखातात. सगळे हिस्सेदार गावात एकत्र सापडतात ते शिमग्यात आणि गणपतीत. गणपतीत पाऊस असतो, रानात पाऊल टाकवत नाही. शिवाय शिमग्याच्या दिवसांतच लाकडाचा ठेकेदार फिरत असतो, कारण तोडीसाठी सह्या गोळा करायची त्यालाही हीच वेळ सोयीची. तेव्हा आपणही त्याच दिवसांत ओटीवर बसलेलं बरं.

आमच्या गटात एक वनस्पती ओळखणारी ताई, देवरूखचा एक तरुण ज्याला इथली प्रत्येक वाडी पाठ आहे, आणि एक निवृत्त तलाठी. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. रान वाचवण्याच्या कामात तलाठी कशाला, असं कोणी विचारलं तर मी त्यांना आमच्या बैठकीत येऊन बसायला सांगेन. झाडांबद्दल जितके प्रश्न येतात त्याच्या तिप्पट सातबाराबद्दल येतात.

गुरुवार : मारळच्या बाजूची एक वाडी

सकाळी लवकर निघून मारलेश्वरच्या रस्त्याला लागलो. मारळ गावाच्या वर कड्यात मारलेश्वराची गुहा आहे, बाजूला धारेश्वर धबधबा. संक्रांतीला इथे मारलेश्वर आणि साखरप्याची गिरिजादेवी यांचं लग्न लागतं, तेव्हा रस्ता माणसांनी भरून जातो. आज शुकशुकाट होता. आम्हाला त्याच्या अलीकडच्या एका वाडीत जायचं होतं.

तात्या खळ्यात वाट बघत उभे. वय सत्तरीच्या पुढे, हातात कोयती. त्यांच्या भावकीचं रान घराच्या मागून चढत माथ्याच्या सड्याला, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराला, टेकतं आणि खाली पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, उतरतं. पाच घरांचं सामायिक. गेल्या वर्षी ठेकेदाराने सगळं रान उक्तं मागितलं होतं. एका रकमेत सगळं उभं लाकूड, तोडायला तो, कागद करायला तो, मालकाने फक्त सही करायची. दोन घरं तयार होती, दोघांनी विचार करतो म्हटलं, तात्यांनी नको म्हटलं. म्हणून रान अजून उभं आहे.

उपदेश करून सुरुवात करायची नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळतो. आधी मालकाला त्याचं रान मोजून दाखवायचं. दहा मीटर बाय दहा मीटरची चौकट दोरीने आखायची आणि आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेपने घ्यायचा. टेपचं एक टोक तात्यांच्या हातात, वही त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीकडे. ऐन, किंजळ, नाणा, जांभा, कुंभा, हेद, मध्येच एखादा बिब्बा, पऱ्याच्या बाजूला जांभूळ आणि रातांबा. नात वाचत गेली तशी तात्यांनी मान डोलावली. जन्मभर ज्या रानात गुरं चारली त्यात काय किती आहे ते आज पहिल्यांदाच कागदावर येत होतं. उक्ता सौदा टिकतो तो या कागदाच्या अभावावर. ठेकेदार रान चालत फिरून लाकूड अदमासतो, मालक अदमासत नाही, आणि किंमत फक्त एकालाच ठाऊक असते.

एका चौकटीत जुने खुंट लागले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तोड झालेली, आणि प्रत्येक खुंटाला सात-आठ फुटवे. ऐन-किंजळाचा हाच मोठा गुण: तोडलं तरी मुळातून पुन्हा येतं. फक्त ते कसं तोडलं यावर पुढचं सगळं अवलंबून. जमिनीलगत, वीतभर ठेवून, काप थोडा तिरका दिला की पाणी थांबत नाही आणि खुंट कुजत नाही. कमरेएवढं ठेवून ओबडधोबड तोडलं की फुटवे वरच्या बाजूला येतात आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात फाटून पडतात. पुढच्या वर्षी खुंटामागे दोन जोरकस फुटवे ठेवून बाकीचे काढले, तर तेच दोन लवकर भरतात. ताईने कोयतीने एका खुंटावर करून दाखवलं. तात्या म्हणाले, "ह्ये आमचा बापूस करायचा. आमच्या वख्ताला जेसीबी आला नि सगळा इसरलो." जेसीबीने मूळच उपटल्यावर फुटवा येणार कुठून? कोकणातली जुनी तोड आणि आजची तोड यांत मला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो. पूर्वीही रानं तुटत होती, कोळसा पडत होता, पण मुळं जमिनीत राहत होती.

दुपारपर्यंत कच्चा आराखडा झाला. रानाचे तुकडे पाडायचे, वर्षाला एकाच तुकड्यात जळणासाठी तोड, पुन्हा त्याच तुकड्यावर यायला निदान दहा वर्षं. उभ्या उताराला आणि पऱ्याच्या दोन्ही काठांना कोयती लावायची नाही. प्रत्येक तुकड्यात बी धरणारी काही मोठी झाडं राखायची. घर बांधायला, गोठ्याला, लग्नाला लागलं तर खूण केलेलं झाड तोडायला मालक मोकळा. शेवटची अट सर्वात महत्त्वाची आहे असं माझं मत. ज्या योजनेत मालकाला स्वतःच्या रानातला वासा काढता येत नाही, ती योजना पहिल्या अडचणीला मोडते.

पऱ्याजवळ एक बेहडा आहे. तिघांनी हात धरले तरी कवेत येणार नाही असा बुंधा, आणि वर पन्नासेक फुटांवर एक ढोली. आम्ही लांब, झाडोऱ्याच्या आडोशाला बसलो. अर्ध्या तासाने पंखांचा घर्रघर्र आवाज आला आणि महाधनेशाचा नर खोडाला येऊन टेकला. जानेवारी-फेब्रुवारीत मादी ढोलीत शिरते, विष्ठेने तोंड लिंपून चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते, आणि पिल्लू मोठं होईपर्यंत, थेट मेपर्यंत, नराने आणलेल्या फळांवर आतली सगळी भिस्त. नराने घशातून एकेक उंबरवर्गातलं फळ काढून फटीत दिलं. पंधरा-वीस तरी असतील. खाली जमिनीवर टाकलेल्या बियांचा थर साचला होता आणि त्यातून रोपं उगवलेली.

या पक्ष्याला लागते तशी ढोली कोवळ्या झाडात होत नाही. झाड म्हातारं हवं, आतून थोडं कुजलेलं हवं. लाकडाच्या बाजारात अशा झाडाला काडीची किंमत नाही, पण उक्त्या तोडीत तेही आडवं होतं, कारण बाकीचं ओढून न्यायला वाट हवी असते. शिवाय बेहड्याला कायद्याचं कवचही नाही. महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमात ज्या झाडांना परवानगी लागते त्या अनुसूचीत हिरडा आहे, आंबा, फणस, जांभूळ आहे, ऐन आणि किंजळ आहे, बेहडा नाही. देवरूखची सह्याद्री संकल्प सोसायटी इथल्या धनेशांच्या ढोल्यांवर आणि त्यांच्या खाद्यझाडांवर काम करते, त्यामुळे गावांत या पक्ष्याविषयी आता बरीच जाण आहे. तात्यांना हे झाड लहानपणापासून माहीत. "ह्यो पक्षी आमच्या आज्याच्या वेळंपासून येतोय," ते म्हणाले, आणि त्या झाडापुरता प्रश्न तिथेच मिटला.

शुक्रवार : देवळातली बैठक

आज पालखी वाडीत होती. संध्याकाळपर्यंत घरोघरी ओवाळणी, खेळे, ढोल. अशा दिवशी रानाचं बोलणं काढायचं म्हणजे आधी मानकऱ्यांना विचारावं लागतं. आम्ही आदल्या रात्रीच गावकरांकडे नारळ ठेवून आलो होतो. पालखी सहाणेवर, तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली, जेवणं झाली आणि साडेनऊच्या सुमाराला देवळाच्या सभामंडपात माणसं जमली. मुंबईहून आलेले पुष्कळ होते. हाफ पँटीतली पोरं, त्यांचे वडील, कडेला भिंतीला टेकून बायका.

ताईने मोजणीचा कागद वाचला. लोक ऐकत होते, पण मनात दुसरंच होतं. पहिला प्रश्न मुंबईच्या एका चाकरमान्याने केला: "करार केला की सातबारावर शेरा पडणार ना?"

सगळी बैठक या एका प्रश्नावर उभी होती, आणि मला वाटतं कोकणातल्या खाजगी रानांचा सगळा प्रश्नच त्यावर उभा आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ चा. ३० ऑगस्ट १९७५ या एका दिवसापासून राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली. 'खाजगी वन' ठरवायचा एक आधार म्हणजे भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली पूर्वी काढलेल्या नोटिसा. काही मालकांना त्या कधी मिळाल्याच नव्हत्या, काहींवर पुढे काही झालंच नव्हतं. अनेक वर्षांनी कोणी जमीन विकायला गेला, कोणी कर्ज काढायला गेला, तेव्हा उताऱ्यावर 'राखीव वन' दिसलं. अण्णांनी त्यांच्या नोकरीच्या काळात अशी घरं बघितली आहेत. त्या आठवणीतून गावांत एक समज घट्ट झाला: झाडी दाट दिसली की जमीन जाते. मग राखण्यापेक्षा तोडून मोकळं केलेलं बरं. शहरातून बघताना ही तोड हावेची वाटते. मी इतकी वर्षं या वाड्यांत फिरतोय, मला तिच्यामागे भीतीच जास्त दिसली आहे.

अण्णा उठले आणि त्यांनी शांतपणे एकेक गोष्ट उलगडली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात निकाल दिला, की वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या, पुढे तडीस न नेलेल्या नोटिशीच्या जोरावर जमीन खाजगी वन ठरत नाही. एकूण १२ हेक्टरपर्यंत धारणा असलेल्या छोट्या मालकांना जमीन परत देण्याची तरतूदही त्या कायद्यात कलम २२-अ म्हणून आहे. आणि आमचा करार हा मालक आणि आमचा गट यांच्यातला साधा लेखी करार आहे, ठरावीक वर्षांचा. त्याची महसुली दप्तरात नोंद होत नाही, शेरा पडत नाही, मालकी तसूभर हलत नाही. त्यांनी कराराची प्रत मोठ्याने वाचली. मग प्रत फिरवली, आणि लोकांनी मोबाइलच्या उजेडात ओळ न ओळ वाचली.

दुसरा प्रश्न इको-सेन्सिटिव्हचा, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा. तो येणारच होता. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा, २०१४ पासून केंद्राची मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघते, ३१ जुलै २०२४ लाही निघाली. दर वेळी गावांची यादी येते आणि दर वेळी कोणीतरी सांगतं की आता घराला कौलंही घालता येणार नाहीत. आम्ही सांगितलं ते एवढंच: मसुद्याचा मुख्य रोख खाणी, मोठे प्रकल्प, औष्णिक वीज आणि प्रदूषणकारी उद्योग यांच्यावर आहे, आमचा करार त्या यादीशी जोडलेला नाही, यादीत गाव असो वा नसो, करार तोच. कोणी पूर्ण पटल्याचं दाखवलं नाही. पण आवाज खाली आले.

मग भिंतीकडेच्या एका वहिनी बोलल्या. "तुमी म्हंता राखा. माज्या पोरीचं लगीन निघालं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी पैसं टाकतो. तुमी टाकाल?"

नाही टाकणार, आणि तसं स्पष्ट सांगितलं. ठेकेदाराच्या रकमेशी बरोबरी करण्याइतके पैसे राखणीच्या करारात नसतात. दरवर्षी थोडं येतं, रोपं येतात, वणवा अडवायची जाळरेषा काढायला मजुरी येते. लग्न, दवाखाना, घर या तीन गोष्टींना एकदम पैसा लागतो आणि रान नेमकं त्याच वेळी विकलं जातं. म्हणून खूण केलेली झाडं गरजेला विकायची मुभा आम्ही करारातच ठेवतो, आणि विकताना मोजून, घेर लावून, दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारून. सगळं रान उक्तं देऊन जे मिळतं त्यातला बराच भाग पंधरा-वीस निवडक झाडांत निघू शकतो, हे तात्यांच्या मोजणीच्या कागदावरून त्यांच्यासमोर आकडेमोड करून दाखवलं. वहिनींनी कागद हातात घेतला आणि आपल्या दिराला वाचायला लावला.

सरसकट बंदीने हे होत नाही, याची मला खात्री आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला मनाई केली. त्या पट्ट्याचं मोल एवढं आहे की ती आवश्यकच होती. तरी तिथल्या तोडीच्या तक्रारी पुढेही न्यायालयात जात राहिल्या. मनाई असली तरी मालकाच्या घरातली गरज तशीच राहते. तिची सोय लावणारं कोणीतरी गावात जाऊन बसावं लागतं.

बैठक मोडली तेव्हा बारा वाजून गेले होते. सही एकाचीही झाली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही.

शनिवार : मोकळा डोंगर, देवरहाटी आणि राब

सकाळी शेजारच्या खोऱ्यात दोन वर्षांपूर्वी सपाट झालेला एक डोंगर बघायला गेलो. जेसीबीच्या पायऱ्या, मध्ये काजूची कलमं, काही सुकलेली. वरच्या पायऱ्या पावसात खाली घसरलेल्या. तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या लाल मातीचं काय होणार? खालच्या वाडीतल्या माणसांनी सांगितलं की पूर्वी होळीनंतरही वाहणारा पऱ्या आता माघातच आटतो. मालक भेटले नाहीत. त्यांना दोष द्यावा असंही वाटलं नाही, काजू लावणं हा गुन्हा नाही. अर्धा डोंगर काजूला आणि वरचा उतार रानाला, असं सांगणारं कोणी त्या वेळी तिथे नव्हतं.

वाटेत देवरहाटीतून, म्हणजे देवराईतून गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत गारवा आणि पायाखाली ओल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया अभ्यासून त्यांच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. ज्या डोंगराचे मूळ रहिवासी वृक्ष कोणते हे कळायला आज दुसरी जागा नसते, तिथे ही एक-दोन एकरांची राई उरलेली असते. ताईने इथून बियाणं गोळा करायची गुरवांकडे परवानगी मागितली. "देवाला विचारतो, मग सांगतो," असं उत्तर मिळालं.

दुपारी बायकांबरोबर बसलो ते राबावरून. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, टाकायच्या आधी कोकणात जमीन भाजतात, तो राब. त्यासाठी झाडांच्या फांद्या, कवळ, तोडून वाळवायचा, शेणापाल्याबरोबर पसरायचा आणि पेटवायचा. दरवर्षी कवळ तोडून ऐन-किंजळाचे नुसते खांब उभे राहतात. त्यांना ना फूल येतं ना बी. डोक्यावरून कवळाचे भारे वाहण्याचं काम बायकांचं. त्यामुळे याला पर्याय आहे म्हटल्यावर सगळ्यात उत्सुक त्याच होत्या.

पर्याय नवा नाही. डॉ. ना. का. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती कोकणात बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. पहिलं सूत्र म्हणजे भाताच्याच अवशेषांचा फेरवापर: तुसाची काळी राख गादीवाफ्यात मिसळायची, तिच्यातून रोपाला सिलिका मिळते. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा, म्हणजे ग्लिरिसिडियाचा, हिरवा पाला. बाकी दोन म्हणजे नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणं. गिरिपुष्प बांधावर कुठेही काडी खोचली तरी लागतं, आणि रानातल्या झाडाची फांदी तोडायची गरज उरत नाही. एका मावशींनी विचारलं, "भाजल्याबिगर तण कसं जाईल?" रास्त प्रश्न. भाजण्याने तणाचं बी जळतं हे खरंच आहे, आणि गादीवाफ्यात एक निंदणी जास्त लागते. ते लपवलं नाही. ठरलं असं, की यंदा चार घरं अर्धा तरवा भाजून आणि अर्धा राखेच्या वाफ्यावर टाकतील आणि श्रावणात दोन्ही शेजारी ठेवून बघतील.

रविवार : बेहड्याचं वाळवण

आजचा दिवस खळ्यांत गेला. बेहड्याचा हंगाम सरत आलाय. शेवटचा माल वाळून निवडायला पडला होता. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था, अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांची, या भागात दीर्घ काळ काम करते आहे. खाजगी रानमालकांशी राखणीचे करार करण्याची वाट त्यांनी कोकणात घालून दिली. पुढे बेहडा आणि हिरड्यासाठी फेअरवाइल्ड हे, रानातला माल जपून आणि रास्त दामाने गोळा केल्याचं, प्रमाणपत्र आणलं, आणि ब्रिटनमधल्या पुक्का हर्ब्जसारख्या कंपनीने तो माल घेतला. त्रिफळा चूर्णाला बेहडा लागतोच; प्रश्न होता तो कुठल्या झाडाचा, कसा गोळा केलेला आणि गोळा करणाऱ्याच्या हातात काय पडलं याचा. ज्या बेहड्यात धनेशाची ढोली, त्याच बेहड्याच्या फळाला दाम. माझ्या मते कोकणातल्या रानासाठी इतकी नेमकी जोडणी दुसरी नाही.

पद्धत साधी आहे आणि शिस्तीची आहे. फांद्या झोडायच्या नाहीत, पडलेलंच वेचायचं. सगळं वेचायचं नाही. काही भेकरांना, साळिंदरांना आणि उगवणीला ठेवायचं. झाडांची नोंद करायची. माल जमिनीवर पसरायचा नाही, कारण रात्रीचं दव आणि माती लागली की बुरशी धरते. बांबूच्या मांडवावर किंवा जाळीवर वाळवायचा. किडका, काळा पडलेला वेगळा. ज्या खळ्यात आम्ही बसलो तिथल्या दोन बहिणींनी ढीग हाताने खालीवर करत एकेक फळ निवडलं. वाजवून आवाजावरून त्या ओल सांगतात, आणि ताईच्या यंत्रावरचा आकडा त्यांच्या अंदाजाशी जुळत होता.

यातल्या अडचणीही तिथेच कळल्या. परदेशातली मागणी एखाद्या वर्षी घटली की माल पडून राहतो. बेहडा दरवर्षी सारखा धरत नाही. आणि बेहडा ज्याच्या रानात नाही त्याला यातून काही मिळत नाही. म्हणून एकाच गोष्टीवर रान तोलायचं नाही, असं आम्ही सांगत राहतो. पडीक वरकस जमिनीत माणगा लावावा: हा कोकणातला भरीव, बिनकाट्याचा बांबू, वाशाला चांगला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे तोडीची नि वाहतुकीची कटकट पुष्कळ कमी झाली. रातांब्याची आमसुलं आहेत. पण हे सगळं एका घराने करून भागत नाही; भाव मिळायचा तर वाडीने एकत्र माल काढावा लागतो.

सोमवार : तात्यांच्या ओटीवर

आज पाचही घरांची माणसं बसली, कारण उद्या मुंबईच्या गाड्या सुटणार. शुक्रवारचा कागद प्रत्येकाने वाचला होता. एका पुतण्याने ठेकेदाराची यंदाची रक्कम सांगितली, गेल्या वर्षीपेक्षा वाढवून. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ज्या वहिनींनी लग्नाचा प्रश्न काढला होता त्यांच्या दिराने आपली आकडेमोड मांडली. त्याने रविवारी स्वतः जाऊन आणखी दोन चौकटी मोजल्या होत्या, तात्यांच्या नातीला बरोबर घेऊन. वरच्या उताराला आणि पऱ्याला हात लावायचा नाही, सड्याकडचे दोन तुकडे यंदा-पुढच्या वर्षी तोडायचे, तिथली खूण केलेली झाडं भाव विचारून विकायची आणि पैसे पाच वाट्यांनी घ्यायचे, असं त्याचं म्हणणं. करार सध्या पाच वर्षांचा.

तीन घरांनी सही केली. चौथ्या घराचा थोरला भाऊ आखातात आहे. त्याला फोन लागला, त्याने कागद व्हॉट्सअॅपवर मागवला. पाचवं घर नाही म्हणालं. त्यांना त्यांचा हिस्सा वेगळा हवा आहे. अण्णांनी त्यांना वाटपाचा अर्ज कसा करायचा ते तिथेच लिहून दिलं, आणि वाटप होऊन हद्द कायम होईपर्यंत त्या बाजूला कोणीही तोड करणार नाही एवढं तोंडी ठरलं. माझ्या दृष्टीने हेही मोठं आहे. वाटपाच्या भांडणात रान आधी जातं हे सगळ्यांनी बघितलेलं आहे.

दुपारी नात आणि दोन पोरं घेऊन रानाच्या कडेने जाळरेषा आखली. सड्यावरचं गवत आता पेंढ्यासारखं वाळलंय; वणवा लागला तर वरूनच उतरेल. सड्याच्या कडेचा पट्टा या आठवड्यात बेणायचा, मजुरी गट देणार, राखण वाडी करणार. बेहड्याखाली मे संपेपर्यंत कोणी जायचं नाही, वेचणीही नाही. पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाच्या काड्या आणि माणग्याची रोपं पोचवायची. चौथ्या घराची सही आली तर टपालाने, नाहीतर गणपतीत पुन्हा याच ओटीवर.